नमुना विमान : आरंभीचे धडे

वडूजच्या परिसरात सुगीनंतर मोकळे माळ उपलब्ध असतात. रेडिओ-नियंत्रित नमुना विमानांच्या छंदास अशी जागा सोयीची ठरते. मात्र कित्येक दिवस खपून बांधलेले विमान पहिल्याच उड्डाणात मोडले, की नवशिका विद्यार्थी निराश होऊन हा छंदच सोडून देतो. हे टाळण्याचे मर्म मोटरच्या शक्तीत नसून विमानाच्या तोलात आहे.

आरंभी धडाच्या वर पंख असलेले व पंखांची टोके किंचित उचललेली असे विमान निवडावे. कलले तरी ते बव्हंशी आपोआप सावरते. बांधणीस बाल्सा लाकूड किंवा थर्मोकोल वापरतात. बॅटरीसह सर्व भाग बसविल्यावर पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या सुमारे २५ ते ३० टक्के अंतरावर बोटे टेकवून विमान तोलावे. शेपूट खाली झुकल्यास बॅटरी पुढे सरकवावी. नंतर मंद वाऱ्यात, वाऱ्याकडे तोंड करून, मोटर बंद ठेवून ते गवतावर अलगद सोडावे. ते सरळ तरंगत उतरले, तरच मोटर सुरू करावी.

विमान समोरून येत असता उजवे वळण पाहणाऱ्यास डावे दिसते. येथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूस नियंत्रकाची दांडी न्यावी.

ड्रोन नियम, २०२१ अन्वये नमुना विमान नजरेच्या टप्प्यातच उडवावयाचे असते. हवाई क्षेत्रावरील निर्बंधही आधी पाहावेत. माणसे, गुरे व विजेच्या तारा यांपासून दूर राहावे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील प्रशिक्षणात नमुना विमानांचा समावेश आहे. विद्यार्थ्यांनी या संधीचा लाभ अवश्य घ्यावा.