ऑर्किडचा नवा कोंब कुजतोय

प्रश्न : डेंड्रोबियमचा नवा कोंब बुडाशी काळा पडला आणि ओढताच हातात आला. झाड वाचेल का?

उत्तर : वाचेल, पण आजच हात चालवा. पावसाळ्यात पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं की ही कूज लागते. तुटलेला कोंब हुंगून पाहा. घाण वास, पाणचट डाग असतील तर बहुधा जिवाणू. वास नसून काळेपणा पसरत असेल तर बुरशीसारखा रोग. पहिला उपाय दोन्हींत एकच. ब्लेड ज्योतीवर तापवून निवू द्या आणि आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत कापा. दर कापाआधी पुन्हा तापवा. कापावर दालचिनीची पूड लावा, मुळांना मात्र नको, ती सुकतात. कुंडी पावसातून हलवून वाऱ्याला ठेवा. जुन्या टणक कांडीच्या बुडाशी डोळा असेल तर तिथूनच नवा कोंब फुटेल. तोवर कांडी कापू नका.