पाहणें, करणें आणि बोलणें

आई भाकरी थापीत असते आणि शेजारीं बसलेलें दहा महिन्यांचें मूल तिच्या हातांकडे टक लावून पाहत असतें. थोड्या वेळानें तेंही आपला इवलासा तळहात जमिनीवर आपटूं लागतें. ‘खेळतें आहे’ असें म्हणून आपण हंसतों. परंतु हा त्याचा अभ्यासच होय.

इटलींतील पार्मा येथें रिझोलात्ती व त्यांचे सहकारी माकडांच्या मेंदूचें संशोधन करीत होते. माकड स्वतः वस्तु उचलतें तेव्हां ज्या कांहीं पेशी जागृत होतात, त्याच पेशी दुसऱ्यास तसें करतांना नुसतें पाहूनही जागृत होतात, असें त्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलें. मनुष्याच्या मेंदूंतही एक विद्युत्-लय आहे. ती स्वतःचा हात हलवितांना मंदावते, तशीच दुसऱ्याचा हात हलतांना पाहूनही मंदावते. तान्ह्या मुलांतही हें आढळलें आहे. भाषेचा उगम ह्यांतच आहे काय, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तथापि पाहणें व करणें ह्यांचे धागे मेंदूंत एकमेकांत गुंतलेले आहेत, हें खरें.

आतां भाषेकडे वळूं. १९८४ सालीं कॅनडांतील वर्कर व टीस ह्यांनीं इंग्रजीभाषी घरांतील बालकांस हिंदी ‘त’ व ‘ट’ ऐकविल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांस त्यांतील भेद कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांस कळला. जो ध्वनि घरांत कानीं पडत नाहीं, तो ओळखण्याची शक्ति वर्षाच्या आंतच क्षीण होते! पुढें २००३ सालीं अमेरिकेंतील पॅट्रिशिया कूल ह्यांनीं दाखविलें कीं, समोर बसून बोलणाऱ्या माणसापासून नऊ महिन्यांचीं बालकें चिनी ध्वनि शिकतात; तेंच बोलणें चित्रफितींत पाहून मात्र शिकत नाहींत.

आपल्या वसमत भागांत हळदीच्या दिवसांत पालकांस उसंत नसते. मूल रडूं लागलें कीं त्याच्या हातीं मोबाईल दिला जातो. त्यापेक्षां त्यास जवळ बसवावें आणि काम करतां करतां ‘हें बघ हळकुंड, ही पाटी, आतां भरूं या’ असें बोलावें. कित्येक आईबाप म्हणतात, ‘आम्ही अडाणी, लेंकरास काय शिकविणार?’ त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, बालकाच्या पहिल्या धड्यास पाटी-पुस्तक लागत नाहीं; कामांत गुंतलेले हात आणि प्रेमानें बोलणारें मुख पुरेसें असतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं धाकटें भावंड असेल तर आज त्याच्याशीं घटकाभर बोला. तें तुमच्याकडे पाहत आहे.