चूक माणसाची, राखण यंत्राची



पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या शेतकऱ्याला पीककर्ज हवे असेल, तर बँक सातबारा मागते. पूर्वी हा उतारा तलाठी हाताने लिहून देत. आता तो संगणकातून मिळतो. वहीचे पान फाटले तर एक-दोघांचे नुकसान होते. संगणकातील साठा पुसला गेला तर गावेच्या गावे अडचणीत येतील.

अशी चूक घडू शकते का? होय. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या परदेशी कंपनीत एका कर्मचाऱ्याला दुय्यम संगणकावरील माहिती पुसायची होती. आज्ञा मात्र मुख्य संगणकाला गेली. क्षणात सुमारे ३०० गीगाबाइट माहिती नाहीशी झाली. नेहमीच्या राखीव प्रती निरुपयोगी निघाल्या. सुदैवाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली. मधल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

म्हणून चांगल्या प्रणालीत राखणदार असतात. वापरातील साठा पुसू लागल्यास प्रणाली नकार देते किंवा त्याचे नाव आपल्याकडून टाइप करून घेते. माहितीबरोबर पडताळणीची संख्या ठेवतात; एखादे अक्षर बदलले की ती जुळत नाही आणि बिघाड कळतो. सातबाऱ्यावरील फेरफाराची नोंद एक जण करतो, तर मंडळ अधिकारी ती तपासून प्रमाणित करतात.

मुलांनो, राखीव प्रतही अधूनमधून उघडून पाहावी. घागर भरलेली आहे की रिकामी, हे झाकण काढल्याशिवाय कळत नाही!

शब्दार्थ : राखीव – जपून ठेवलेले, दुय्यम – मुख्य नसलेले, निरुपयोगी – कामाचे नसलेले.

प्रश्न : गिटलॅबची माहिती कशामुळे वाचली?