ऐकू येईल तर बोलता येईल

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसत असे. हाक मारली तरी तो उठत नसे. मी त्याला हट्टी समजून रागे भरत असे. पुढे एकदा पाठीमागून हाक मारून पाहिली, तेव्हा ध्यानात आले की, त्याला ऐकूच कमी येते. ती चूक मला आजही बोचते. म्हणून कानाविषयी हे चार शब्द.

आवाजाच्या लहरींनी कानाचा पडदा हालतो. ते कंपन हातोडी, ऐरण व रिकीब या तीन चिमुकल्या हाडांतून आतल्या कानातील शंखाकडे जाते. सुमारे अडीच वेटोळ्यांच्या या शंखात हजारो केशपेशी असतात. त्या कंपनाचे विजेच्या संदेशात रूपांतर करतात व श्रवणतंतू तो संदेश मेंदूला पोचवितो. माणसाच्या केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग आवाज नुसता मोठा करणारे श्रवणयंत्र काय करणार? घरात कोणी नसताना दार ठोठावण्यासारखेच ते!

१९५७ साली हुबळीचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जूर्नो व एरिएस या दोघांनी एका बहिऱ्या माणसाचा श्रवणतंतू विजेने चेतवून त्याला आवाजाची जाणीव करून दिली. पुढे मेलबर्नच्या डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक विद्युत्अग्रांचे यंत्र एका रुग्णाच्या कानात बसविले. क्लार्क यांच्या वडिलांना कमी ऐकू येई; ते दुःख त्यांनी लहानपणापासून पाहिले होते.

आपल्या देशात ही विद्या रुजविणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव आदराने घेतले जाते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी रुग्णसेवा व अध्यापन केले. २०१४ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

या शस्त्रक्रियेत कानामागील हाड कोरून विद्युत्अग्रांची बारीक माळ शंखात सरकवितात. बाहेरचे यंत्र आवाज टिपून संकेत आत धाडते. परंतु एवढ्याने मूल बोलू लागत नाही. पुढे कित्येक महिने त्याला एकेक आवाज ओळखावयास शिकवावे लागते. सर्जनाचे काम काही तासांचे, आईचे काही वर्षांचे!

बंधुभगिनींनो, भाषा शिकण्याचे मेंदूचे खरे वय म्हणजे पहिली काही वर्षे. ती निसटली की उत्तम यंत्रही अपुरे पडते. सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही एक शब्द बोलत नसेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. कान तपासून घ्या. खर्च लाखांत जातो हे खरे. पण गरीब घरच्या मुलांना केंद्र सरकारच्या अडीप योजनेतून साहाय्य मिळू शकते. अर्ज लिहिता येत नसेल त्याला आपल्यातील शिकलेल्याने तो लिहून द्यावा. हेही दानच होय.