गाठीतला दोष आणि घराण्यातला दोष

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींत संप्रेरके स्रवणारी गाठ सापडली, की रुग्णाच्या घरात मुलांचे काय होणार हा प्रश्न उठतो. त्याचे उत्तर गाठ कोणते संप्रेरक स्रवते यावर बरेचसे ठरते, आणि हे ज्यांना वेळीच कळत नाही ते एक तर विनाकारण धास्तावतात किंवा, त्याहून घातक म्हणजे, नको तिथे निश्चिंत राहतात.

शरीरात मीठ धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉन स्रवणाऱ्या गाठींत दोष बहुधा गाठीच्याच पेशींत, जन्मानंतर उद्भवलेला असतो. २०११ मध्ये येल विद्यापीठातील रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने केसीएनजे५ या जनुकातील असे बदल उघड केले: या जनुकापासून पेशीच्या आवरणातील पोटॅशियमची वाट घडते, ती बिघडली की सोडियम आत घुसते, त्यामागून कॅल्शियम येते आणि पेशी अल्डोस्टेरॉन बनवत सुटते. गाठीपुरता असलेला हा दोष मुलांकडे जात नाही; मात्र रक्तदाब विशीच्या आतच वाढला असेल किंवा नातलगांना तरुणपणी पक्षाघात झाला असेल, तर आनुवंशिक प्रकाराची शंका घ्यावीच लागते.

ग्रंथीच्या गाभ्यात उगवणाऱ्या, अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये स्रवणाऱ्या फिओक्रोमोसायटोमाची गोष्ट निराळी. त्याच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत दोष जन्मजात असतो, म्हणून जनुकचाचणीचा विचार प्रत्येकच रुग्णाबाबत व्हावा. ‘आमच्याकडे कुणालाच नव्हते’ हा दिलासा येथे फारसा कामाचा नाही, कारण एसडीएचडी जनुकातील दोष वडिलांकडून आला तरच सहसा गाठी होतात. आईकडून आलेला दोष मुलात मुका राहतो, पण तोच मुलगा पुढे बाप झाला की त्याच्या अपत्यांत बोलू लागतो, आणि मधली पिढी निरोगी दिसल्याने घराणे फसते. एसडीएचबीमधील दोषात गाठ इतरत्र पसरण्याचा धोका अधिक, तर आरईटीमधील दोषात थायरॉइडचा विशिष्ट कर्करोग संभवतो, ज्यासाठी काही कुटुंबांत बालपणीच ती ग्रंथी काढावी लागते.

फिओक्रोमोसायटोमाच्या शस्त्रक्रियेआधी अल्फा-रोधक औषधांनी रक्तवाहिन्या सैलावल्याखेरीज बीटा-रोधक सुरू करू नयेत, अन्यथा रक्तदाब अचानक उसळू शकतो. गाठ निघाल्यावरही दरवर्षी मेटानेफ्रिनची (अॅड्रेनलिनच्या विघटनातून बनणाऱ्या द्रव्याची) तपासणी चालू ठेवावी, आणि दोष सापडल्यास भावंडांनी व मुलांनी, लक्षणे नसली तरी, तज्ज्ञाच्या सल्ल्याने आपली चाचणी करून घ्यावी.