झाडावरून वेळेवर उतरण्याचा हिशोब

कल्याणहून मुरबाड ओलांडून माळशेज घाटाकडे निघाले की टोकावडे लागते. या पट्ट्यात आणि शेजारच्या शहापूर तालुक्यात अनेकांची रोजी झाडांवर चालते. कोणी आंबा-जांभळाची झाडे मोहोरावर घेतो, कोणी बांधावरच्या झाडांची छाटणी उक्ती घेतो, तर कोणी वखारीसाठी लाकूड पाहतो. प्रत्यक्ष चढण्याचे काम बहुधा ठाकूर व कातकरी बांधव करतात. आपल्यातील काही कारागीरही करतात.

या धंद्यातील एक प्रश्न मात्र कोणी उघड बोलत नाही. पन्नाशी गाठलेला माणूस आणखी किती वर्षे चढणार? दुकानदार म्हातारपणी गल्ल्यावर बसतो. शिंपी मशीन मुलाकडे सोपवून स्वतः कापड बेततो. झाडावरच्या माणसाला अशी बसायची जागा नाही. त्याला पैसे मिळतात ते चढण्याचे, म्हणून गुडघे दुखले तरी तो चढतोच. आमच्या मते दोष वयाचा नाही, मजुरी ठरवण्याच्या पद्धतीचा आहे.

शरीर काय सांगते

चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. पुढे हाताची पकड आणि तोल कमी होत जातो. हे हळूहळू घडते, त्यामुळे माणसाला स्वतःला ते कळत नाही. 5 मीटर, म्हणजे सुमारे 16 फुटांवरून पडणारा माणूस एका सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास असतो. एका सेकंदात तरुणालाही सावरता येत नाही, मग थकलेल्या हाताचे काय?

मशीनच्या करवतीने कष्ट कमी झाले, पण नवी दुखणी आली. तिचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो आणि कान झाकले नाहीत तर ऐकू येणे कायमचे कमी होते. सततच्या कंपनाने बोटांतील रक्तप्रवाह बिघडतो. थंडीत बोटे पांढरी पडून बधिर होऊ लागली तर ते थकव्याचे लक्षण समजू नये. मशीन बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

उतरायचे तीन टप्पे

पहिला टप्पा चाळिशीचा. या वयात चढणे सोडायचे नाही, पण गरज नसेल तेथे चढायचे नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' जमिनीवर उभे राहून देठासह आंबा काढतो. देठ राहिल्याने चीक फळावर येत नाही, डाग पडत नाही आणि बाजारात भाव चांगला मिळतो. म्हणजे झेला सुरक्षिततेबरोबर नफ्याचाही आहे. चढावेच लागले तर कमरेचा पट्टा व दोर हवाच. पावसात शेवाळलेल्या सालीवर चढू नये. जांभूळ आणि शेवगा यांच्या फांद्या अचानक मोडतात, त्यांच्यावर चिंचेच्या फांदीसारखा भरवसा टाकू नये. जवळून वीजतार जात असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय कामाला हात लावू नये.

दुसरा टप्पा पन्नाशीचा. आता जागा झाडाखाली. बुंध्याजवळ भुसा पडलेला दिसला तर भिरूड आहे हे ओळखणे, तारेच्या आकड्याने अळी काढून छिद्र बंद करणे, बांडगूळ कोणत्या फांदीवर आहे ते दाखवणे, ही कामे अनुभवी माणसाचीच. छाटणीही त्याच्या सांगण्याने व्हावी. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो (1930–2006) यांनी हजारो झाडे चिरून दाखवून दिले की, फांदी खोडाला घासून कापू नये. फांदीच्या बुडाशी फुगीर कडे असते, ते राखले तर झाड आपली जखम स्वतः भरून काढते. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप द्यावा, मग थोडे पुढे वरून कापावे आणि उरलेला खुंट शेवटी कड्यापाशी काढावा. तसे केले नाही तर फांदी साल सोलत खाली येते. आंब्याच्या मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावतात. त्याचे प्रमाण मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो व पाणी 10 लिटर असे आहे.

तिसरा टप्पा साठीचा, म्हणजे पारखीचा. मोहोर पाहून झाडाला किती माल येईल याचा अंदाज करणे, कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकून पोकळी ओळखणे, मालकाशी बोलणे आणि कागदपत्रे पाहणे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, ऐन, खैर ही झाडे 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. ती खासगी जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तरुणाच्या घाईने बिघडणारा व्यवहार येथे वडीलधाऱ्याचा अनुभव वाचवतो.

वाटा आधी ठरवा

मात्र खाली उभ्या माणसाला 'चहापाण्याचे' पैसे मिळणार असतील तर हे सारे शब्दच राहतील. समजा, छाटणीचे काम 8,000 रुपयांना ठरले. सामान व गाडीचे 2,000 बाजूला काढले, उरले 6,000. दोघे वर, एक ज्येष्ठ खाली. तिघांनाही 2,000 द्यावेत. तरुण म्हणेल, 'जीव माझा टांगणीला आणि चाचांना सारखा वाटा का?' त्याला सांगावे की कोणती फांदी पोकळ आहे हे चाचांनी सांगितले म्हणून तू धडधाकट खाली आलास, आणि वीस वर्षांनी हाच वाटा तुझा असेल.

पुढची तजवीजही तरुणपणीच होते. 2019 मध्ये सुरू झालेल्या श्रमयोगी मानधन योजनेत 18 ते 40 वयातच नाव घालता येते. वयाप्रमाणे महिना 55 ते 200 रुपये भरले की सरकार तेवढेच घालते आणि साठीनंतर महिना 3,000 रुपये मिळतात. चाळिशी उलटली की हे दार बंद होते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना 18 ते 70 वयासाठी असून, वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूवर 2 लाखांचे संरक्षण देते. त्यासाठी बँकेत खाते लागते. ठेकेदाराने आपल्या आदिवासी गड्यांचीही नावे घालून द्यावीत. ज्यांच्या जिवावर आपला हंगाम निघतो, त्यांच्यासाठी एवढे करणे भाग आहे.

तेव्हा बाग घेणाऱ्या बांधवांनी पुढच्या मोहोराआधी आपल्या माणसांना एकत्र बसवावे. कोण चढेल, कोण खालून सांगेल आणि कोणाला किती मिळेल, हे वहीत लिहून ठेवावे. खालच्या माणसाला पुरेसे पैसे मिळाले, तर कोणताही म्हातारा पोटासाठी झाडावर चढणार नाही.