मुलगी शिकतेय की फिरतेय?

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षापूर्वी जर्मनीत कार्ल्सरूहेला एमएस करायला गेली. दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या गावाचे फोटो येतात. कधी स्ट्रासबुर्ग, कधी साल्झबुर्ग. परवा तर शेंगेन नावाच्या खेड्यातून नदीकाठचा फोटो आला. शेंगेन व्हिसा ऐकला होता, पण त्या नावाचं गाव असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिच्या एका व्हिसासाठी आम्ही मुंबईला दोन हेलपाटे घातले होते. मग हिला दर वेळी नव्या देशात कोण सोडतं? पैसे कुठून येतात? तिचे बाबा म्हणतात, शिकायला पाठवलीय की फिरायला? मलाही काळजी वाटते, पण फोटोतला तिचा चेहरा पाहिला की रागवायला होत नाही. काय समजावं?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या परवाच्या फोटोतच आहे.

शेंगेन हे मोझेल नदीच्या काठावरचं लक्झेंबर्गमधलं छोटंसं गाव. आजूबाजूला द्राक्षांचे मळे, समोरच्या काठावर जर्मनीतलं पेर्ल आणि पेर्लला लागूनच फ्रान्समधलं आपाख. १४ जून १९८५ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांचे प्रतिनिधी इथे 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' नावाच्या बोटीवर जमले आणि आपापसांतल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची, या करारावर त्यांनी सह्या केल्या. बोट का? तर तीन देशांच्या सीमा जिथे एकत्र येतात, तिथे नदीतच सह्या व्हाव्यात म्हणून. प्रत्यक्ष तपासणी थांबायला २६ मार्च १९९५ उजाडला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. इंग्लंड तर कशातच नाही. त्यामुळे उद्या तिने लंडनला जायचं म्हटलं, तर मात्र वेगळा व्हिसा लागेल.

तिच्याकडे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट आहे, आपल्या आधारकार्डाएवढं प्लॅस्टिकचं कार्ड. ते आणि भारतीय पासपोर्ट बरोबर असला की तिला बाकीच्या शेंगेन देशांत फिरायला दुसरा व्हिसा लागत नाही. मर्यादा एवढीच, की जर्मनीबाहेरच्या या सगळ्या देशांतला मुक्काम मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या आत असावा. जर्मनीतले दिवस यात धरत नाहीत. शनिवार-रविवारी फिरणारी विद्यार्थिनी या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

पण सीमेवर तपासणी नाही, म्हणजे कागद लागत नाहीत असं नव्हे. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. माझा भाचा एकदा रात्रीच्या बसने परत येत होता. परमिट खोलीवरच्या टेबलावर राहिलेलं, खिशात फक्त कॉलेजचं ओळखपत्र. सीमेजवळ पोलीस चढले, त्याला उतरवलं आणि बस निघून गेली. मित्राने कार्डाचा फोटो पाठवला, कार्यालयातून खातरजमा झाली, तोपर्यंत पहाटेचे चार वाजले होते. पोलिसांचं वागणं सभ्य होतं, पण थंडीत तीन तास बाकावर बसलेल्या पोराचा आवाज मी फोनवर ऐकला आहे. तुमच्या मुलीला एकच गोष्ट बजावून सांगायची असेल, तर ही सांगा: पासपोर्ट आणि परमिट, दोन्ही मूळचे, प्रत्येक वेळी अंगावर.

आता पैशांचं. निघण्यापूर्वी तुम्ही तिच्या नावे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरले असतील. त्यातले महिन्याला ९९२ तिच्या हाती येतात. खोलीचं भाडं, विमा, जेवण यांतच ते बहुतेक संपतात, म्हणून मुलं छोटी-मोठी कामं करतात. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. फिरायचा खर्च बहुधा त्यातून निघतो. आपण आईवडील लोक प्रत्येक आकडा शंभराने गुणून बघतो आणि घाबरतो. तिच्या डोक्यातला हिशेब तासांचा असतो.

फिरायचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे जर्मनीचं मासिक तिकीट, 'डॉइचलँड-टिकेट'. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३ आहे. विद्यार्थ्यांना याहून स्वस्त मिळतं, राज्याराज्यांत दर वेगळे. या एका तिकिटावर देशभरातल्या लोकल गाड्या, प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम, मेट्रो सगळं चालतं. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र चालत नाहीत. म्हणजे आपल्याकडे जलद गाड्या सोडून फक्त पॅसेंजरने प्रवास करायचा, तसंच. वेळ जातो, पण खिशातून वेगळा पैसा जात नाही. तिचा साल्झबुर्गचा फोटो याच तिकिटावरचा असणार, कारण ऑस्ट्रियाच्या हद्दीतल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत जर्मनीच्या प्रादेशिक गाड्यांत ते चालतं. कार्ल्सरूहेहून मात्र दोन-तीन गाड्या बदलत निम्मा दिवस जातो. पहाटे पाचला उठल्याशिवाय तो फोटो निघत नाही. शेंगेनही तसंच: पेर्ल स्टेशनपर्यंत जर्मन तिकीट, तिथून पुलावरून चालत नदी ओलांडायची आणि पलीकडे लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे.

संग्रहालयांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि ते समजून घेतले तर बराच पैसा वाचतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात युरोपीय संघात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्या तरुणांना प्रवेश मोफत आहे. तिथे पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, राहता कुठे हे बघतात. इटलीत उलट. तिथली तरुणांची सवलत नागरिकत्वावर आहे, त्यामुळे रोमच्या कोलोसियममध्ये तुमच्या मुलीला पूर्ण तिकीट पडेल. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात १८ ते २५ वयाचा विद्यार्थी कुठल्याही देशाचा असो, पैसे लागत नाहीत.

मुक्कामाला यूथ होस्टेल. ही कल्पना जर्मनीतच जन्मली, आणि तीही एका शाळामास्तरांच्या डोक्यात. रिचर्ड शिरमान हे शिक्षक ऑगस्ट १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळात सापडले. एका खेड्यातल्या शाळेच्या वर्गात पेंढ्यावर मुलांना झोपवून त्यांनी रात्र काढली. बाहेर विजा चमकत होत्या आणि मास्तर जागे होते. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत फिरत्या मुलांना आसरा का मिळू नये, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ होस्टेल सुरू झालं. तुमची मुलगी ज्या दुमजली पलंगावर झोपते, त्याचं मूळ त्या पेंढ्यात आहे.

यानंतर तिच्या बाबांचा प्रश्न येतो, आणि मला त्याबद्दलच मनापासून बोलायचं आहे.

तिने स्ट्रासबुर्गचा फोटो पाठवला आहे. कार्ल्सरूहेहून गाडी बदलून तासा-सव्वा तासात केल हे जर्मनीच्या टोकाचं गाव येतं. समोर ऱ्हाइन नदी, पलीकडे फ्रान्स. मध्ये २००४ साली बांधलेला फक्त पायी आणि सायकलने जायचा पूल आहे. पुलाच्या मधोमध थांबायला ऐसपैस जागा ठेवली आहे. लोक तिथे उभे राहून नदी बघतात, पोरं दोन देशांच्या मध्ये उड्या मारतात. याच काठांवरून किती रक्त वाहिलं आहे ते पाहा. स्ट्रासबुर्ग १८७१ मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे गेलं, १९१८ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि १९४४ मध्ये परत फ्रान्सकडे. १८७० मध्ये तिथे जन्मलेली बाई पंचाहत्तर वर्षं त्याच घरात राहिली असेल, तरी तिचा देश चार वेळा बदलला. आज तिथे युरोपीय संसद भरते, आणि कराडची मुलगी हातात पावाची पुडी घेऊन तीच सीमा चालत ओलांडते. हे पुस्तकात वाचता येतं, मान्य. पण पुलावर उभं राहून कळतं ते वेगळं असतं.

त्या गावाचं कॅथेड्रल १४२ मीटर उंच आहे. १६४७ ते १८७४ इतकी वर्षं ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. १७७० मध्ये फ्रँकफुर्टचा एक वीस वर्षांचा मुलगा तिथे कायदा शिकायला आला. वडिलांची इच्छा होती, पोराने लवकर पदवी घेऊन वकिली करावी. स्ट्रासबुर्ग तेव्हा फ्रान्सच्या राजाकडे होतं, म्हणजे हाही परदेशात शिकायला आलेला विद्यार्थीच. उंचीची त्याला भीती वाटे. ती घालवायला तो पुन्हा पुन्हा त्या मनोऱ्यावर चढत राहिला, वर उघड्यावर उभा राहत राहिला, आणि भीती गेली. त्या इमारतीवर त्याने पुढे निबंध लिहिला, आसपासच्या खेड्यांत भटकला, लोकगीतं गोळा केली. कायद्याची परीक्षाही दिली. त्याचं नाव योहान वोल्फगांग गटे. त्या दीड वर्षातला भटका काळ आणि अभ्यासाचा काळ वेगळा काढून दाखवा म्हटलं, तर अभ्यासकांनाही अवघड जाईल.

जर्मनीत एक जुनी चाल आजही जिवंत आहे. सुतार, गवंडी, छप्पर घालणारे कारागीर शिक्षण संपलं की काळी रुंद टोपी आणि घेरदार पायांची विजार घालून तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव हिंडतात. तेवढ्या काळात स्वतःच्या गावाच्या ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. नव्या उस्तादाकडे नवी रीत शिकायची आणि पुढे निघायचं. तिथल्या समाजाने हिंडणं हा शिक्षणाचाच भाग मानला आहे. तुमची मुलगी त्याच मातीत शिकतेय.

तरीही बाबांच्या काळजीत तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. जर्मन विद्यापीठांत बऱ्याच तासांना हजेरी घेत नाहीत, रोज विचारणारं कोणी नसतं आणि सगळा भार सत्राअखेरच्या परीक्षेवर असतो. एकाच विषयात ठरावीक वेळा नापास झालं, की बहुतेक विद्यापीठांत तो अभ्यासक्रम कायमचा सुटतो आणि त्यावर अवलंबून असलेलं परमिटही धोक्यात येतं. म्हणून 'कुठे फिरलीस' यापेक्षा 'या सत्रात किती क्रेडिट पूर्ण झाले' हा प्रश्न विचारा, तोही दर आठवड्याला नको, सत्रातून दोनदा पुरे. उत्तर नीट आलं, तर फोटोंचा आनंद घ्या. उत्तर टाळलं गेलं, तर साल्झबुर्ग नसतं तरी काळजीचं कारण होतंच. माझं मत स्पष्ट आहे: पास होणारी मुलगी महिन्यातून दोन रविवार नवं गाव बघत असेल, तर तिला थांबवू नका.

आणखी दोन छोट्या गोष्टी. तिच्याकडे जर्मनीचा सरकारी आरोग्यविमा असेल, तर त्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय विम्याचं कार्ड असतं आणि युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत तातडीच्या उपचाराला ते चालतं. संकटात ११२ हा क्रमांक संघातल्या प्रत्येक देशात लागतो. आणि तिला सांगा, कार्ल्सरूहेही बघ. राजवाड्यापासून पंख्यासारखे ३२ रस्ते निघतात असं ते गाव १७१५ मध्ये वसलं. तिथल्याच संस्थेत हाइनरिश हर्ट्‌झ यांनी १८८० च्या दशकात रेडिओलहरी असतात हे प्रयोगाने सिद्ध केलं. लांबचं बघायच्या नादात मुलांचं जवळचं राहून जातं.

तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, तरी सांगते. तुम्ही दोघं एकदा जाऊन या. ९० दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो आहे, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण गर्दीत वेळ जातो, म्हणून लवकर करा. मे महिना धरा. उजेड रात्री नऊपर्यंत असतो आणि तिच्या परीक्षा बहुधा जुलैनंतर येतात, तरी तिकिटं काढण्याआधी तारखा तिलाच विचारा. एक दिवस स्ट्रासबुर्गसाठी ठेवा, रविवार सोडून. केलहून पुलावरून चालत जा आणि बाराच्या आत कॅथेड्रलमध्ये पोचा. आतल्या खगोलघड्याळातले बारा शिष्य दुपारी साडेबाराला एकामागून एक बाहेर येतात.